रानडुकरांसाठी परवडणारी बोल्ट अ‍ॅक्शन रायफल कोणती घ्यावी?

कातळकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज अडलोय म्हणून लिहितो.

राजापूर तालुक्यात सड्याच्या उतारावर आमची साडेतीन एकर जागा आहे. वर काजू, मधे हापूसची चाळीसेक कलमं, खाली व्हाळाच्या कडेने भाताचे कोपरे. पाणी असेल त्या वर्षी रताळी. गेल्या आश्विनात भात लोंबीवर आलं आणि दोन रात्रींत डुकरांनी चार कोपरे लोळवले. सकाळी गेलो तर गादी पिंजून टाकावी तसं भात पडलेलं आणि चिखलात पिल्लांचे खूर. रताळ्यांचं तर विचारूच नका.

वडिलांकडे शेतीसंरक्षण परवान्यावरची ठासणीची बंदूक आहे. दारू घाला, गजाने ठासा, छर्रे घाला, टिकली लावा, तोवर डुक्कर खालच्या वाडीत पोचतं. पावसात दारू सर्द झाली तर नुसती 'फुस्स'.

म्हणून बोल्ट अ‍ॅक्शन रायफल (प्रत्येक बार झाल्यावर हाताने बोल्टचा दांडा मागे-पुढे करून नवं काडतूस चढवायची) घ्यावी असं डोक्यात आलंय. यूट्यूबवर बघून बघून डोळे दुखले. काडतुसाच्या मापांत .३१५ घ्यावी की .३०-०६? अमेरिकेत म्हणे चांगली रायफल तीस-चाळीस हजारांत मिळते, ती इथे मागवता येईल का? दुर्बीण लागेल का? माझं बजेट लाख-सव्वा लाख. वापरणाऱ्यांनीच सांगा, 'आधी अहिंसा शिका' वगैरे प्रतिसाद नकोत.

शिमगो

लाख-सव्वा लाख? मेल्या, तेवढ्या पैशात डुकरांका वर्साचा भात इकत घेवन घालशीत!

(हलके घ्या. आमच्याकडेपण तीच बोंब आसा.)

मिशिगनकर

मूळचा गुहागरचा, वीस वर्षं इकडे. दरवर्षी १५ नोव्हेंबरला हरणांचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो तेव्हा आमच्या कंपनीतलं निम्मं ऑफिस रजेवर असतं, त्यात मीही. त्यामुळे 'स्वस्त बोल्ट अ‍ॅक्शन' हा विषय जिव्हाळ्याचा.

इकडे या वर्गात दोन नावं हटकून निघतात, सॅव्हेज अ‍ॅक्सिस आणि रुगर अमेरिकन. अ‍ॅक्सिस साधारण चारशे डॉलरच्या आसपास, रुगर त्याहून थोडी वर. दोन्ही साधारण २०१०-१२ च्या सुमारास आलेल्या. गंमत अशी की नेमाच्या बाबतीत या स्वस्त रायफली आपल्या आजोबांच्या पिढीतल्या महागड्यांना भारी पडतात. कारण बनवण्याच्या पद्धतीत आहे. पूर्वी नळी रिसीव्हरला (बोल्ट ज्यात सरकतो त्या भागाला) बसवताना काडतुसाच्या मापाचं अंतर जुळवायला कुशल कारागीर लागायचा. सॅव्हेजने १९५८ मध्ये ११० मॉडेल काढलं, त्यात नळीवर एक चाकी दिली. गेज लावायचा, अंतर जुळलं की चाकी आवळायची, संपलं. खर्च तिथे वाचला आणि अचूकपणा मात्र टिकला. दुसरं म्हणजे नळी दस्त्याला न टेकता मोकळी असते, नोट सरकवली तर मधून आरपार जाते. तिसरं, बऱ्याच मॉडेलांत घोड्याचा ताण घरच्या घरी कमीजास्त करता येतो.

कंजूषी कुठे केलेली असते? प्लॅस्टिकचा दस्ता, हाताने दाबला की पुढचा भाग वाकतो. मॅगझीन खेळण्यातलं वाटतं. आणि नव्या अ‍ॅक्सिसचा बोल्ट मागे-पुढे करताना आमच्या जुन्या घराच्या लाकडी दाराची कडी आठवते. शंभरदा ओढला की सुधारतो. माझी रुगर आहे, .३०८ मध्ये. तिचा बोल्ट फक्त ७० अंश उचलावा लागतो, त्यामुळे वर दुर्बीण असली तरी बोटं आपटत नाहीत. सेफ्टी अंगठ्याखाली. थोडे पैसे जास्त असतील तर जपानची होवा १५०० किंवा फिनलंडची टिक्का बघावी. टिक्काचा बोल्ट एकदा ओढून पाहिला की बाकीच्या नकोशा होतात, म्हणून दुकानात मी तिला हातच लावत नाही.

दुर्बिणीबाबत इकडचे जुने शिकारी सांगतात की रायफलीवर जेवढे घातले तेवढेच काचेवर घाल. अंधुक उजेडात पैसे काचेचेच वसूल होतात.

तिकडच्या कायद्याचं मला ठाऊक नाही, जाणकार सांगतीलच.

नोटरी_पब्लिक

सांगतो. चहा घेऊन बसा.

पहिलं, आयात. मिशिगनकरांची यादी वाचून तोंडाला पाणी सुटलं तरी सामान्य परवानाधारकाला बाहेरून नवी रायफल मागवता येत नाही. नामांकित नेमबाजांना सवलत आहे, तुम्ही-आम्ही त्यात बसत नाही. म्हणजे इथल्या कारखान्यात बनलेली, नाहीतर कुणा परवानाधारकाकडची जुनी.

दुसरं, आणि मुद्द्याचं. शस्त्र अधिनियम १९५९, कलम १३, पोटकलम ३. पीकसंरक्षणाच्या नावाखाली कायदा बोलतो तो ठासणीच्या बंदुकीबद्दल. ती पुरत नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. म्हणजे आपली बारा बोअर. आटे असलेली नळी, म्हणजे रायफल, त्या वाक्यात कुठेही नाही. रायफलीचा परवाना मिळतच नाही असं नव्हे. पण त्यासाठी 'योग्य कारण' वेगळं दाखवावं लागतं, आणि 'रताळी खाल्ली' हे कारण घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात गेलात तर तिथला क्लार्कच तुम्हाला बारा बोअरचा अर्ज काढून देईल.

तिसरं लोक हमखास विसरतात. परवाना बंदुकीचा मिळतो, डुकराचा नाही! वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या कलम ९ प्रमाणे शिकार बंद, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर कलम ११ खाली वनखात्याची लेखी परवानगी घ्यावी लागते. आपल्या राज्यात रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्यासाठी २०१५ चा शासन निर्णय आहे, त्यात वनक्षेत्रपालाकडे अर्ज करता येतो. तो कागद खिशात नसेल तर तुमची बंदूक कितीही कायदेशीर असो, गुन्हा तो गुन्हाच. आणि अंधारात डुक्कर समजून गव्याला लागली तर पहिली अनुसूची, किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात.

शिमगो

म्हंजे मटणाचो इषय कोणी काढूकच नको तर.

नोटरी_पब्लिक

@शिमगो, कलम ३९. मारलेलं जनावर सरकारची मालमत्ता. वनखात्याला कळवायचं, ते पंचनामा करून विल्हेवाट लावतात. टोपात गेलं तर टोपासकट जप्त.

बारा_बोअर

माझ्या चुलत्यांकडे .३१५ होती, त्यामुळे तिच्याबद्दल हक्काने लिहितो.

.३१५ म्हणजे इंग्रजी ली-एन्फिल्डच्या घडणीवर बेतलेली, बंगालात ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणारी. इंग्रजांना त्यांचं लष्करी .३०३ काडतूस नागरिकांच्या हाती नको होतं, म्हणून शिकारी रायफलींना हे जुनं ऑस्ट्रियन आठ मिलिमीटरचं काडतूस दिलं. .३०३ आजही प्रतिबंधित बोअर आहे आणि .३१५ नाही, त्यामागे हाच इतिहास. काडतूस आपल्याच खडकीचं. १८६९ पासूनचा कारखाना आहे तो. गोळी २४४ ग्रेन वजनाची, जाड आणि संथ, डुकराला पुरून उरते.

हातात घेतल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती बोल्टची. एन्फिल्ड जातीच्या बोल्टमध्ये स्प्रिंग चढते ती बोल्ट पुढे ढकलताना, मागे ओढताना नाही. जोर अगदी शेवटी लागतो. चुलते म्हणायचे, दाराची खुट्टी तळव्याने ढकलतो तशी ढकल. मिशिगनकरांच्या रायफली बोल्ट उचलतानाच चढतात, तो मॉझर या जर्मन रायफलीचा वारसा.

खरी अडचण आपल्या हवेची. लाकडी दस्ता पावसाळ्यात फुगतो. मे महिन्यात नेम जुळवून ठेवलेली रायफल दिवाळीत चार बोटं डावीकडे मारायची. लाकूड फुगून नळीला एका बाजूने दाबतं, दुसरं काही नाही. चुलत्यांनी शेवटी पॉलिश पेपर घेऊन दस्त्याची खाच मोकळी केली, तेव्हा कुठे ती शहाण्यासारखी वागायला लागली. नोट सरकवायची ती अमेरिकन युक्ती आमच्या पडवीत पोस्टकार्डाने चालायची!

.३०-०६ बद्दल म्हणाल तर आपल्या भाताच्या कोपऱ्यात तिचं काय काम? ते काडतूस १९०६ सालचं, दूरवर मारा करायला बनवलेलं. तुमचा लांबातला लांब बार किती अंतरावर पडणार आहे, हे आधी मोजलंत का?

कातळकाठ

सगळ्यांचे आभार. नोटरीसाहेब, तुम्ही पाणी ओतलंत, पण ठीक.

तरी एक शंका. बारा बोअरचे छर्रे फाकतात. डुक्कर जखमी होऊन झाडीत जातं, मग सकाळी ते शोधायला जाणाऱ्याची पाचावर धारण. रायफलीची एकच गोळी, बरोबर जागी. मग रायफल जास्त दयाळू नाही का? 'योग्य कारण' दाखवायला मी तयार आहे. अंतर मोजलं नाही, पण असेल पन्नास-साठ पावलं.

सड्यावरची

मी बंदूकवाली नाही. पण बंदुकीच्या समोरच्या बाजूला राहणारी आहे, म्हणून लिहिते.

आमचं घर अशाच एका बागेच्या खालच्या अंगाला आहे. तीन वर्षांपूर्वी कार्तिकातली गोष्ट. रात्री पावणेदहाला वर बार झाला. बार नेहमीचेच, आम्ही टीव्ही बघत होतो. पडवीत काहीतरी फुटल्याचा आवाज आला. बाबा म्हणाले, नारळ पडला. सकाळी केर काढताना मंगलोरी कौलाचे तुकडे दिसले. वर बघितलं तर कौलाला भोक आणि बरोबर त्याखाली, जिथे आई दिवसा तांदूळ निवडायला बसते, तिथल्या लाकडी खांबात शिसं रुतलेलं. बाबांनी ते सुरीने उकरून काढलं. चेपून बटणासारखं चपटं झालं होतं. ते अजून देवघराच्या फळीवर एका वाटीत आहे.

ज्याने बार काढला तो ओळखीचाच. दुसऱ्या दिवशी येऊन बाबांच्या पाया पडला. डुकराला लागली नव्हती, त्याच्या मागच्या कातळावरून उडून आली होती. त्याने अंतर आमच्या घरापर्यंतचं मोजलंच नव्हतं, डुकरापर्यंतचं मोजलं होतं.

ती गुळगुळीत नळीची एकच गोळी होती. रायफलीची असती तर खांबात थांबली असती का, हे तुम्ही लोक जास्त सांगू शकाल.

बारा_बोअर

ताई, नसती थांबली.

.३१५ ची गोळी नेम चुकला तर दोन-अडीच किलोमीटर सहज जाते. आपल्याकडे अडीच किलोमीटरमध्ये तीन वाड्या, एक शाळा आणि एसटीचा थांबा येतो. त्यात जांभा दगड. मऊ मातीच्या बांधात गोळी जिरते, कातळावर ती कुठे उडेल ते देवालाच ठाऊक. बारा बोअरच्या एलजीचा, म्हणजे जाड छर्र्यांच्या काडतुसाचा, छर्रा काही शे मीटरमध्ये दमतो. जखमी डुकराची कातळकाठांची भीती खरी आहे, ती मी उडवून लावत नाही. त्यावर उपाय म्हणजे तीस-पस्तीस पावलांपुढे एलजी मारायचीच नाही. त्याहून लांब असेल तर बोटाला आवर घालायचा. फाकण्याचं गणितही सोपं आहे. जुन्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर वीस, तीस, चाळीस पावलांवरून एकेक काडतूस मारून बघा, मात्र खोक्यामागे मातीचा उंच बांध हवा. तुमची नळी कुठवर एकत्र मारते ते कळेल. दर नळीचं वेगळं असतं.

मिशिगनकर

सड्यावरची यांचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काही टंकता आलं नाही.

मघाशी एक सांगायचं राहिलं. मी ज्या दक्षिण मिशिगनमध्ये राहतो तिथे आलो तेव्हा हरणांसाठी रायफल चालतच नसे. उत्तरेच्या जंगलात चालायची, दक्षिणेत नाही. कारण इथे सपाट शेतं आणि शेतांमधे घरं. सगळे शॉटगन घेऊन जायचे. या भागाला लोक सरळ 'शॉटगन झोन' म्हणत. २०१४ मध्ये काही सरळ नळकांड्याच्या, कमी पल्ल्याच्या काडतुसांना मोकळीक मिळाली, पण माझी .३०८ घेऊन मला अडीच-तीन तास उत्तरेलाच जावं लागायचं. बंदुकांच्या एवढ्या हौशी देशात हा नियम होता. कोकणातही शेतांना लागूनच घरं आहेत.

तेव्हा माझ्या वरच्या लांबलचक प्रतिसादाचा उपयोग शून्य. पण लिहायला मजा आली.

आमराई

अवांतर नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे सौर कुंपण लावलंय. डुकरासाठी खालची तार जमिनीपासून वीतभरच हवी, नाहीतर ते नाक घालून खालून जातं. पावसाळ्यात तारेला लागलेलं गवत दर आठवड्याला कापावं लागतं, नाहीतर झटका जमिनीत जातो. आमचं एक वर्ष त्यातच फुकट गेलं. वनखात्याच्या जन-वन विकास योजनेत ७५ टक्के अनुदान आहे, वर कमाल रकमेची मर्यादा आहे आणि गाव यादीत असावं लागतं. ग्रामपंचायतीत विचारा. नुकसानभरपाईचा अर्जही ताबडतोब टाका, भात उभं करून, झाडून-पुसून मग फोटो काढू नका.

आणि कोणी घरच्या मीटरवरून तारेत करंट सोडायचा सल्ला दिला तर त्याला हाकला. त्यात डुकरं कमी आणि माणसं-गुरं जास्त मेली आहेत.

शिमगो

आमच्या मामान गडगो घातलो. चार फूट. डुकार बाहेर रवला, वानर आत इले. वानरांका गडगो म्हंजे बसूक बाकडा.

कातळकाठ

चार दिवसांनी येतोय. मधे काजूच्या बेणणीत अडकलो होतो.

बारा_बोअर यांनी विचारलेलं अंतर काल रात्री मोजलं. आम्ही राखणीला बसतो तो मांगर ते पहिला कोपरा १९ पावलं. मांगर ते व्हाळ ३४. व्हाळापलीकडचा गडगा ४१. म्हणजे माझे पन्नास-साठ ही निव्वळ थाप होती. एवढ्या अंतरावर मी दुर्बीण लावणार होतो!

मग सड्यावरची यांचं वाचलेलं डोक्यात होतं म्हणून गडग्याच्या पलीकडे काय आहे ते बघायला बॅटरीचा झोत सरळ रेषेत टाकला. पाणंद दिसली. पाणंदीच्या पुढे खालच्या वाडीतलं पहिलं घर. झोत थेट त्यांच्या खिडकीवर. काकूंनी दार उघडून ओरडून विचारलं, "कोण रे तो मेला बॅटरी मारतोय?" मी नाव सांगितलं. तर म्हणाल्या, "तुझा बापूसपण तिथेच बसायचा, पण तो बार नेहमी वरच्या अंगाला काढायचा."

वडिलांना सकाळी विचारलं. ते म्हणाले, हो, मांगराच्या खाली उभं राहून वर, काजूच्या बांधाकडे. मागे माती आहे. डुक्कर खालच्या कोपऱ्यात असलं तर नुसता आवाज करायचा. मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलंत? म्हणाले, तू विचारलंस ते रायफलीचं.

तर रायफलीचा विषय माझ्यापुरता संपला. आता नोटरीसाहेब, ठासणीच्या जागी एकनळी बारा बोअर करायची तर काय? वडील ७४ वर्षांचे आहेत, परवाना ३१ वर्षं जुना.

नोटरी_पब्लिक

मग सोपं आहे. शस्त्र नियम २०१६, नियम २५. धारक ७० वर्षांचा झाला किंवा बंदूक २५ वर्षं बाळगली, यांपैकी जे आधी होईल तेव्हा हयातीतच वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. वडिलांची लेखी संमती, बाकी भावंडांची ना-हरकत, सात-बारा, वैद्यकीय दाखला, बंदूक हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. ठासणीची बंदूक पुरत नाही याची कारणं त्याच अर्जासोबत वेगळ्या पत्रात लिहा: पंचनाम्यांच्या प्रती, नुकसानीचे फोटो, पावसात दारू सर्द होते ते. तुमचा तो 'फुस्स' शब्द मात्र नको. वनक्षेत्रपालाकडचा अर्ज वेगळा, तो विसरू नका.

आणि निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची नोटीस येऊ शकते. नेमकी भात कापणीच्या तोंडावर येते. छाननी समितीकडे अर्ज करून पिकाचं कारण मांडता येतं. कागद आधीपासून तयार ठेवा.

बारा_बोअर

एकनळी घ्याल तेव्हा जुनी मिळाली तरी चालेल, पण नळी उजेडाकडे धरून आतून बघा. खाऱ्या हवेने गंजाचे बारीक खड्डे पडलेले असतात. बाहेरून चकचकीत आणि आतून देवी आलेल्या तोंडासारखी नळी मी समुद्रकाठच्या गावात बघितली आहे. मोडून बंद केल्यावर बिजागरी हलता कामा नये.

तेल शिवणयंत्राचं किंवा बंदुकीचंच. आमच्या चुलत्यांनी एकदा खोबरेल लावून ठेवलं. मार्गशीर्षातल्या पहाटे गारठ्याने ते थिजलं आणि बोल्ट जागचा हलेना. डुक्कर वीस पावलांवर रताळी खातंय आणि चुलते रायफल काखेत धरून ऊब देतायत!

शिमगो

डुकार शेवटी गेला काय?

बारा_बोअर

गेलं की. पोट भरल्यावर.

कातळकाठ

सात-बारा आज काढला. प्रशिक्षण कुठे होतं ते विचारायला उद्या तालुक्याला जातोय. काकूंकडे दोन डझन आंबे पोचवायचे कबूल केलेत, ते वैशाखात.